आठव्या दिवसाची चरबी आणि हळदे मॅडम

हा लेख फार उशिरा पोचतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. गौरवग्रंथाच्या संपादक डॉ. शुभांगी म्हात्रे यांनी मला चार महिन्यांपूर्वी पत्र पाठवून लिहायला सांगितलं होतं. मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. एकदा वाटलं फार लांबलं. एकदा वाटलं, यात मॅडमपेक्षा माझंच जास्त आलं. तिसऱ्यांदा तर हे छापणं बरं की वाईट तेच कळेना. ग्रंथात मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक लिहिणार. मी सातवी नापास, प्रयोगशाळेत काचा धुणारा माणूस. माझ्यामुळे ग्रंथ अडून राहिला नसेल ना, या काळजीने गेले पंधरा दिवस अन्न गोड लागलेलं नाही. आता जसं जमलं तसं लिहून पाठवतो.

डॉ. नफिसा हळदे यांना या वर्षी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्या मूळच्या मुरुडच्या. घरात नारळ-सुपारीचा व्यापार, दोन्ही भाऊ आखातात नोकरीला. मी म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या खेड्यातला, भातशेतीवाल्या घरचा, वयाने त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा. चौलच्या बागांमागे एका ट्रस्टने लहानशी संशोधन संस्था काढली, तेव्हा मी तिथे पहारेकरी म्हणून लागलो होतो. मॅडम पहिल्या दिवशी एसटीने आल्या. छातीशी एक लाकडी पेटी धरलेली होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "द्या बाई, मी घेतो."

"नको मामा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून पडली तर मी तुम्हाला बोलेन, आणि पहिल्याच दिवशी बोलणं बरं दिसत नाही. माझ्या हातून पडली तर निदान कुणाला बोलायचा प्रश्न नाही."

पेटीत मायक्रोस्कोप होता. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा शिगवणमामा झालो. पुढे आठ-दहा दिवसांनी त्यांनी माझ्या खोलीबाहेर ठेवलेला कंदील पाहिला. त्याची काच उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "ही कशाने धुता?" मी म्हटलं, "राखेने घासतो, मग दोन पाण्यांनी." त्या म्हणाल्या, "एवढी स्वच्छ काच मी आमच्या कॉलेजातसुद्धा पाहिली नव्हती." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ट्रस्टला सांगून मला पहाऱ्यावरून आत घेतलं. माझं इंग्रजी अक्षर चुकायचं, म्हणून बाटल्यांवरची लेबलं मराठीत लिहायची पद्धत त्यांनी सुरू केली. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनी कुरकुर केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बाटली जो रोज हातात धरतो त्याला वाचता आली पाहिजे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मराठी जमेल."

मॅडमच्या कामाबद्दल इतर लेखक नीट लिहितीलच. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. फुफ्फुसात हवेचे अगदी बारीक फुगे असतात. दोन फुग्यांच्या मध्ये पातळ भिंत असते आणि त्या भिंतीत काही पेशी राहतात. पुस्तकात त्यांना संयोजी ऊतींच्या पेशी म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'भिंतीतल्या पेशी' म्हणत. त्यातल्या काही पेशी चरबीचे थेंब साठवतात. काही पेशी इलॅस्टिन नावाचा ताणला जाणारा धागा तयार करतात. उंदराच्या पिल्लाच्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ही दोन्ही कामं जोरात चालतात. चरबी किती साठवायची आणि धागा कधी काढायचा, हे कसं ठरतं, या एका प्रश्नावर मॅडमनी आपली सगळी वर्षं घातली.

मला हे प्रथम खरंच वाटलं नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, चरबी बोकडाच्या पोटात असते. फुफ्फुसात कशाला?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "पावसाळ्याआधी तुमच्या घरात काय भरून ठेवता?"

"तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण."

"मग ही तशीच बेगमी. फुग्यांच्या भिंती आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना एक ओलसर लेप लागतो. शेजारची पेशी त्या लेपासाठी लागणारा माल या चरबीतून घेते."

"आणि धागा?"

"चड्डीचं इलॅस्टिक गेलं तर काय होतं, मामा?"

"हाताने धरून चालावं लागतं."

खोलीतली मुलं हसायला लागली. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर सांगितलं त्यांनी," त्या मुलांना म्हणाल्या. "फुगा भरतो हवेने, पण परत जागेवर येतो धाग्याने. लिहून घ्या."

त्यांच्या शिस्तीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या दिवशी पिल्लांची फुफ्फुसं काढायची असत, त्या दिवशी संस्थेत रेडिओ लागत नसे आणि थट्टामस्करी चालत नसे. एकदा एका विद्यार्थ्याने पिल्लू शेपटीला धरून उचललं. मॅडमनी त्याला बाहेर पाठवलं आणि त्या दिवसाचं सगळं काम स्वतः केलं. मी उंदरांची पिंजऱ्यांतली सोयही बघत असे, म्हणून मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

आता जो प्रसंग लिहावा की नाही म्हणून मी चार महिने घालवले, तो लिहितो.

पिल्लांच्या फुफ्फुसांचे तुकडे आमच्याकडे दोन वाटांनी जात. धागा बघायचा असेल तर तुकडे कडक स्पिरिटमधून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे. चरबी बघायची असेल तर ते साखरेच्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचे, मग गोठवायचे आणि गोठलेलेच कापायचे. मग त्यांना लाल रंग दिला की चरबीचे थेंब कुंकवाच्या ठिपक्यांसारखे दिसत. या दोन वाटा वेगळ्या का, हे मी कधी विचारलं नव्हतं. स्पिरिटने वस्तू टिकते, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

संपादक असलेल्या डॉ. शुभांगी तेव्हा मॅडमच्या विद्यार्थिनी होत्या. आम्ही त्यांना शुभांगीताई म्हणत असू. त्यांचे दोन, चार आणि सहा दिवसांच्या पिल्लांचे तुकडे कापून झाले होते. आठ, दहा आणि बारा दिवसांच्या पिल्लांचे तुकडे साखरेच्या पाण्यात होते. जाताना त्या मला बजावून गेल्या, "मामा, मी घरी जाऊन येते. फ्रीज कुणालाही उघडू देऊ नका. तुम्हीपण उघडू नका."

त्यांची पाठ वळली आणि वादळ झालं. बागेतल्या पोफळी तारांवर पडल्या आणि दोन दिवस वीज नव्हती. जनरेटरला डिझेल नव्हतं, मॅडम मुरुडला अडकलेल्या. फ्रीज कोमट झाला. मला सुचेना. बर्फ संपला की मासळीचं काय होतं ते आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावं लागत नाही, आणि इथे तर मांस साखरेच्या पाण्यात. हे आता आंबणार आणि ताईंची मेहनत फुकट जाणार, या धसक्याने मी सगळे तुकडे कडक स्पिरिटमध्ये काढले. लेबलं एकेक जपून बदलली. वीज आल्यावर ताजं साखरेचं पाणी करून तुकडे परत जागेवर ठेवले. आपण सगळं वाचवलं असं मला वाटलं. पण फ्रीज उघडू नका म्हणून सांगितलेलं असताना उघडला होता, म्हणून बोललो मात्र नाही.

पुढे ते तुकडे कापले गेले. सहाव्या दिवसापर्यंत लाल ठिपके, आठव्या दिवसापासून एकही नाही. मेणाच्या वाटेने केलेल्या काचपट्ट्यांवर धागा तर त्याच दिवसांत वाढलेला. सगळे हरखून गेले. पेशी आपली चरबी संपवते आणि तिच्या जोरावर धागा काढते, असा अर्थ लागला. शुभांगीताईंनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

लेख लिहून झाला. त्या काळी असे लेख पोस्टाने जात. मॅडमनी पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं आणि रेवदंड्याला जाऊन रजिस्टर करून यायला सांगितलं. त्याच सकाळी मुरुडच्या कॉलेजची मुलं संस्था बघायला आली होती. मी छत्री घेऊन निघत होतो, तेव्हा शुभांगीताई त्यांना सांगत होत्या, "या तुकड्यांना स्पिरिट अजिबात लावायचं नसतं. स्पिरिटमध्ये चरबी विरघळून जाते. मग मागे नुसती भोकं राहतात."

आपण काय करून बसलो ते मला तिथेच कळलं. तरी मी निघालो. रेवदंड्याला पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या माणसाने हात पुढे केला आणि मी म्हटलं, "थांबा, पत्ता बघून येतो." पत्ता बरोबरच होता. मी पाकीट घेऊन बाहेर आलो आणि तसाच घरी गेलो. तेव्हा आम्ही चौलमध्येच खोली करून राहत होतो. बायकोला सगळं सांगितलं. नोकरीला मुकलो तर गावच्या शेतावर दोन भावांत माझं पोट कसं भरणार, हेही बोललो.

ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिलंच नाही. "पाकीट टाकलं न्हाय ना अजून?"

"न्हाय."

"मग हितं काय करताय? मला सांगून ती चरबी परत येनार हाय का? जावा तिकडं."

"नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. आदी सांगा, मग गेली का र्‍हायली ते बघू. तुमी आदीच रडून घेताय."

मी संस्थेत परत गेलो तेव्हा मॅडम डबा उघडत होत्या. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. तीनच प्रश्न विचारले. कोणत्या बाटल्या? किती वेळ? कुठलं स्पिरिट? मी सांगत गेलो, त्या कागदावर लिहीत गेल्या. मग त्यांनी शुभांगीताईंना हाक मारली आणि तोच कागद पुढे केला.

शुभांगीताई वाचून खुर्चीत बसल्या. "माझं वर्ष गेलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी सांगून गेले होते ना मामा, फ्रीज उघडू नका? आणि वर पेढे खाल्लेत."

मॅडम म्हणाल्या, "शुभांगी, तू त्यांना फ्रीज उघडू नका म्हणून सांगितलंस. का उघडायचा नाही ते सांगितलंस?"

"नाही."

"मीपण कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं ते आपल्याकडे आहेत." मग म्हणाल्या, "आणि भोकं मी पाहिली होती. चरबी संपली असती तर पेशी आक्रसली असती, भोक राहिलं नसतं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण उत्तर इतकं छान जमत होतं, की मी पुढे विचारलंच नाही."

त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर वर लिहिलं, 'काय चुकलं'. खाली तारीख आणि स्वतःचं नाव घालून लिहिलं, 'भोकं दिसूनही विचारलं नाही.' मग वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं. शुद्धलेखनाचं तर विचारू नका. शेवटी शुभांगीताईंनीही लिहिलं, 'कारण न सांगता हुकूम दिला.'

ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत एका सभासदांनी विचारलं, की एवढं नुकसान करणारा माणूस ठेवायचा कशाला. मी दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी चूक केली तेव्हा कुणालाच कळली नव्हती, आणि कधी कळलीही नसती. पाकीट घेऊन परत येणारा माणूस मला दुसरा मिळणार नाही. काढायचं असेल तर वहीत पहिलं नाव माझं आहे." मी चहा आत नेला तोवर बैठक पुढच्या विषयावर गेली होती. पुढे वयोमानाने निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो.

सगळं काम पहिल्यापासून पुन्हा झालं. या वेळी साखरेचं पाणी, गोठवणं, लाल रंग, प्रत्येक गोष्ट कशासाठी हे मला सांगून झालं. आठव्या दिवसाची काच तयार झाली तेव्हा शुभांगीताईंनीच हाक मारली, "मामा, आधी तुम्ही बघा." मी डोळा लावला. लालच लाल ठिपके. चरबी संपली नव्हती. मेणाच्या काचांशी ताडून पाहिलं तर तिच्याच आसपास, वेगळ्या पेशींत, धाग्याचं काम चाललेलं होतं. म्हणजे एकाच पेशीने साठा मोडून धागा काढला, असं नव्हतं. साठवणाऱ्या वेगळ्या, विणणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं असावं, असं मॅडमना दिसायला लागलं. त्यावर त्यांनी पुढे जे काम केलं ते परदेशातही वाचलं जातं, असं मी ऐकतो. त्यापुढचं मला सांगता येणार नाही. सांगायला गेलो तर चुकेन.

ती वही पुढे संस्थेची रीतच झाली. शनिवारी चहाच्या आधी प्रत्येकाने लिहायचं. नवीन आलेला एक हुशार मुलगा दोन शनिवार ओळीने लिहून गेला, 'या आठवड्यात काही चुकलं नाही.' मॅडमनी त्याखाली लिहिलं, 'हेच आधी तपासा.' तिसऱ्या शनिवारी त्याने पानभर लिहिलं आणि चहा गार झाला तरी त्याचं संपेना.

मॅडमच्या मायेचेही प्रसंग खूप आहेत, पण एकच सांगतो. माझ्या पुतणीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. बाळाला श्वास लागत होता. घरचे म्हणाले, तुमच्या मॅडम फुफ्फुसाच्याच ना, त्यांना विचारा. मी फोन केला. मॅडम गाडी करून आल्या, घरातल्या बायकांजवळ बसल्या आणि पोर लवकर आलं म्हणजे आतला लेप आणि धागा अजून पुरे झालेले नसतात, हे त्यांना समजेल असं सांगितलं. पुतणी म्हणाली, "मग तुमीच औषध द्या ना." मॅडम म्हणाल्या, "बाळा, मला उंदरांचं कळतं. तुझ्या मुलीचं अलिबागचे मुलांचे डॉक्टर सांगतील." आणि स्वतः गाडीत बसून तिला अलिबागला घेऊन गेल्या. ती मुलगी आता दहावीला आहे. शाळेच्या कबड्डीत ती सगळ्यांत जास्त वेळ दम धरते, असं तिचे सर सांगतात. दर ईदेला तिच्या घरून मुरुडला नारळीपाकाच्या वड्या जातात आणि मुरुडहून शिरखुर्म्याचा डबा येतो.

आज मॅडम मुरुडच्या घरी असतात. मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, पण ओटीवर बसून शेजारच्या कोळीवाड्यातल्या मुलींना शास्त्राचा अभ्यास शिकवतात. एका मुलीचं गणित चुकलं तर मॅडम आनंदाने म्हणाल्या, "कुठे चुकलं ते तूच शोध, मला सांगू नकोस." त्यांना असं बघून मला फार समाधान वाटलं. परमेश्वर म्हणा, अल्ला म्हणा, त्यांना पुरेपूर आयुष्य देवो. गुडघे बरे राहोत, नजर शाबूत राहो, आणि त्यांचा श्वास अखेरपर्यंत मोकळा राहो, एवढंच मागतो.

शेवटी संपादकांना एक विनंती. शुभांगीताई, मॅडमनी भोकं पाहूनही विचारलं नाही, हे मी त्यांच्याच गौरवग्रंथात लिहिलं आहे. माझ्या मते त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं याहून मोठं काही नाही. पण मी अर्धवट शिकलेला, माझा भरवसा नको. वाचणाऱ्याला ती निंदा वाटेल का, त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल का, या विचाराने मला चैन नाही. तुमचं वर्ष गेलं तेही यात आलं आहे, त्याला तुमची हरकत असू शकते. चरबी-धाग्याचं काही उलटसुलट लिहिलं असेल तर तेही सुधारा. आणि हा प्रसंग मुळातच नको असेल तर मी नुसते गोड गोड प्रसंग घालून दुसरा लेख लिहून देईन. पण तो लिहायला मला पुन्हा चार महिने लागतील, आणि तो खरा होणार नाही. म्हणून छपाईला जाण्याआधी काय ते कृपा करून लवकर कळवा.

पांडुरंग धोंडू शिगवण